डॉल्फिनच्या कंकालस्नायूंची सूक्ष्मरचना : एक परिचय

वऱ्हाडातील महाविद्यालयांत कंकालस्नायूंची ऊतिरचना बहुधा बेडकाच्या किंवा उंदराच्या काचपट्टिकेवरून शिकविली जाते. सागरी सस्तन प्राण्यांचा उल्लेख वर्गीकरणापुरता येतो आणि तेथेच संपतो. वास्तविक महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, विशेषतः सिंधुदुर्गात, हम्पबॅक डॉल्फिनचा नित्य वावर आहे. २०१४ साली या डॉल्फिनला स्वतंत्र जाती म्हणून मान्यता मिळाली असून आज तो संकटग्रस्त गणला जातो.

सूक्ष्मदर्शकाखाली डॉल्फिनचा स्नायू प्रथमदर्शनी अपरिचित वाटत नाही. लांब, बहुकेंद्रकी तंतू, कडेला सरकलेली केंद्रके आणि ॲक्टिन-मायोसिनच्या मांडणीमुळे दिसणारे आडवे पट्टे, हे सारे इतर सस्तन प्राण्यांप्रमाणेच असते. शेपटी वर-खाली हलविणाऱ्या, कण्यालगतच्या स्नायूंत मंद व शीघ्र आकुंचन पावणारे तंतू एकत्र आढळतात. खरा भेद रंगात आहे. कोंबडीच्या छातीचे पांढरे व तंगडीचे तांबूस मांस सर्वांनी पाहिलेले असते. डॉल्फिनचा स्नायू त्याहून कितीतरी गडद, जवळजवळ काळपट दिसतो. हा रंग मायोग्लोबिनचा होय. बॉटलनोज डॉल्फिनच्या १०० ग्रॅम स्नायूत ते सुमारे ३ ग्रॅम असते, तर मानवात साधारण अर्धा ग्रॅम. एवढे प्रथिन एका पेशीत दाटले तर त्याचे गोळे व्हावयास हवेत. मात्र पाणबुड्या सस्तनांच्या मायोग्लोबिनवरील धन विद्युतभार अधिक असल्याने रेणू परस्परांना दूर लोटतात, असे २०१३ साली दाखविण्यात आले. विशेष म्हणजे त्रिमितीय रचना सर्वप्रथम उलगडली गेलेले प्रथिनही स्पर्म देवमाशाचे मायोग्लोबिनच होते (केंड्र्यू, १९५८).

हा साठा जन्मतः तयार नसतो. नवजात पिल्लाच्या स्नायूत मायोग्लोबिन प्रौढाच्या मानाने फारच कमी असते व ते वाढण्यास दीर्घ काळ लागतो. परिणामी पिल्लाला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. गळजाळ्यात अडकलेल्या डॉल्फिनचा मृत्यू श्वास न घेता आल्याने होतो. तेव्हा पिल्लाच्या वाट्याला येणारी मिनिटे प्रौढाहून कमी असतात.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या मृत प्राण्याच्या ऊती उष्ण हवेत झपाट्याने विघटित होतात. पट्टे दिसेनासे होतात, विकरांवर आधारित रंजनही निरुपयोगी ठरते. त्यामुळे नमुना लवकरात लवकर फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे आवश्यक असते आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असल्याने त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते.