टर्बो बंद, टेन्शन बंद!

विदर्भातल्या मे महिन्यात गेमिंग लॅपटॉपची शेगडी होते. त्यावरचा एक उपाय अगदी फुकट आहे आणि तो एका आकड्यात मावतो!

गेमिंग लॅपटॉप घेताना आपण काय बघतो? ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम किती, कीबोर्डला रंगीत लाइट आहे की नाही, आणि प्रोसेसरसमोर लिहिलेला तो सॉलिड आकडा. 'अप टू ४.७ गिगाहर्ट्झ' वाचलं की खिशातलं कार्ड आपोआप बाहेर येतं. खोक्यातलं माहितीपत्रक मात्र कुणी उघडत नाही. अनेक कंपन्यांनी त्यात एक साधी ओळ छापलेली असते : लॅपटॉप वापरण्याच्या जागेचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर नसावं.

आता मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला या. पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. सकाळचे तर्री-पोहे पचायच्या आत माहितीपत्रकातली मर्यादा ओलांडलेली असते!

माझ्या चुलतभावाला अशाच एका मे महिन्यात दारव्ह्यातून काम करायचं होतं. तो पुण्यात व्हिडिओ एडिटर आहे. एडिटिंगसाठी भक्कम मशीन लागतं, म्हणून गेमिंग लॅपटॉप. शिवाय रात्री गेमही खेळता येतात, हा बोनस! काकांची बायपास झाली होती आणि घरी काकू एकट्या. ऑफिसने महिनाभर घरून काम करायची परवानगी दिली, पण अट घातली : एक जरी डेडलाइन चुकली, तर पुढच्या सोमवारी पुण्यात हजर व्हायचं.

काकांना भेटायला मी चार दिवस गेले, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली, कोपऱ्यात कूलर. दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, कूलर नाही. मग लॅपटॉपचा फॅन किंचाळायला लागायचा, व्हिडिओ अडखळायचा, आणि दोनदा तर मशीन स्वतःहूनच बंद पडलं. खाली खाटेवर पडलेल्या काकांनाही तो आवाज जायचा. "काऊन रे, लॅपटॉप हाय का शेगडी?" त्यांचा रोजचा प्रश्न.

"ताई, मी परत जातो बहुतेक," भाऊ म्हणाला. बायपास झालेल्या वडिलांना सोडून, एका फॅनपायी?

बूस्टचा फंडा

आधी जरा हा बूस्ट प्रकार समजून घेऊ. प्रत्येक प्रोसेसरचा एक मूळ वेग असतो. काम वाढलं की तो काही काळ त्याहून बराच वर उडी मारतो. इंटेलने २००८ मध्ये कोअर आय-सेव्हनसोबत याला 'टर्बो बूस्ट' हे नाव दिलं. एएमडीनेही २०१० मध्ये 'टर्बो कोअर' आणलं.

पण ही उडी महाग असते. वेग वाढवायचा तर प्रोसेसरला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा, वेग २० टक्के वाढवायला व्होल्टेजही २० टक्के चढवावं लागलं. मग १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे साधारण १.७३. वेग २० टक्के जास्त, वीज ७३ टक्के जास्त! आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. इंटेलचा २०२२ मधला लोकप्रिय आय-सेव्हन १२७००एच घ्या. त्याची मूळ मर्यादा ४५ वॅट, टर्बोत मात्र तो ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतो.

दुसरी गंमत खोलीची. लॅपटॉपचा फॅन बर्फ तयार करत नाही, तो खोलीतलीच हवा आत ओढतो. पुण्याच्या एसी ऑफिसात ती २४ अंश असेल आणि दारव्ह्यात कूलर बंद पडल्यावर ४०, तर त्याच कामाला प्रोसेसर साधारण १६ अंशांनी जास्त तापणार. १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला तो झपकन वेग कमी करतो. थोडा गार झाला की पुन्हा उडी, पुन्हा ब्रेक. आपल्याला दिसतो तो अडखळणारा व्हिडिओ. त्यात अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना थंड करणाऱ्या तांब्याच्या नळ्या एकच असतात. एक तापला की दुसराही तापतो.

१०० चे ९९

उपाय सोपा निघाला. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' आणि त्याखाली 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' सापडेल. तिथे १०० टक्के असतं, ते ९९ करा. 'प्लग्ड इन'समोरही आणि 'ऑन बॅटरी'समोरही. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण अनेक लॅपटॉपवर १०० च्या खाली आलं की बूस्टच बंद होतो. खात्री करायला टास्क मॅनेजरमधला 'परफॉर्मन्स' टॅब बघा. चालू वेग 'बेस स्पीड'च्या आसपास थांबला, तर काम झालं.

काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही, किंवा ९९ करूनही फरक पडत नाही. तिथे बायोसमध्ये टर्बो बंद करायची सोय आहे का ते बघा, नाहीतर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सायलेंट' मोड वापरून बघा.

भावाच्या लॅपटॉपवर ९५ च्या वर असलेला आकडा ७५ च्या आसपास आला. फॅनची किंकाळी गेली, कुजबुज राहिली. आणि किंमत? आठ मिनिटांत एक्सपोर्ट होणाऱ्या क्लिपला अकरा मिनिटं लागली. ग्राफिक्स कार्डावर भार टाकणारे गेम जवळजवळ तसेच चालले. प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या शूटिंग गेममध्ये फ्रेम्स कमी झाल्या, हे मान्य. पण महिनाभरात मशीन एकदाही बंद पडलं नाही आणि डेडलाइनही चुकली नाही. भाऊ दारव्ह्यातच राहिला.

मुलगा लॅपटॉप मुद्दाम हळू चालवतोय, हे कळल्यावर काका खूश झाले. "आपली शकुंतला बी हळूच चाले, पन मूर्तिजापूरले पोचवे!" दारव्हा-मोतीबागेवरून यवतमाळ-मूर्तिजापूर धावणारी ती नॅरोगेज गाडी आता बंद आहे. पण काकांच्या पिढीसाठी ती अजून फलाटावर उभीच असते.

एवढं जरूर करा

लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा जाऊ द्या. मागची बाजू इंचभर उचलली तरी फरक पडतो. कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नको. ताट्यांतून येणारी हवा दमट असते, कधी पाण्याचे थेंबही उडतात. जाळीतली धूळ उन्हाळ्याआधी साफ करून घ्या. आणि चार्जिंगला लावून दिवसभर तापवत ठेवू नका, उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

बूस्ट बंद करणं म्हणजे मशीन कायमचं मंद करणं नव्हे. ही विंडोजचीच सेटिंग आहे, हवी तेव्हा उलट फिरवता येते. मृगाचा पाऊस पडला, पुण्याला परतलात, एसीत बसलात, की ९९ चे पुन्हा १०० करा. तोवर दारव्ह्याच्या उन्हात ९९ वरच खुशाल चालू द्या!