आधी बोटं जातात: हिवाळ्यातली ट्राउट आणि माझी फजिती

मागचा भाग का आला नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. खरं कारण सांगायला जरा लाज वाटते. मी एकटाच मासे धरायला गेलो होतो आणि पाण्यात पडलो. आता ठणठणीत आहे. पण त्या दिवशी जे झालं ते का झालं, हे नंतर नीट समजून घेतलं आणि वाटलं की यावरच एक भाग करावा. हे त्याचंच शब्दांकन, बोलल्यासारखंच ठेवलंय.

आधी जागा सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येला ड्रिफ्टलेस नावाचा डोंगराळ भाग आहे. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश हिमनद्यांनी सपाट केला, हा तुकडा तेवढा सुटला. म्हणून इथे खोल दऱ्या आहेत, चुनखडीचे डोंगर आहेत आणि त्यातून फुटणारे शेकडो झरे आहेत. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण नऊ अंशांवर असतं. बाहेर उणे पंधरा असलं तरी हे ओढे गोठून बंद होत नाहीत. म्हणूनच जानेवारीत, सगळी तळी बर्फाखाली असताना, इथे ट्राउट धरता येते. त्या दिवसांत धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा, असा नियम आहे.

आता हिवाळ्यातली ट्राउट कशी वागते बघा. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं अंगही गार, पचन मंद. तो जोरदार प्रवाहात ताकद घालवत नाही, खोल आणि संथ डोहात तळाशी पडून राहतो. दुपारी पाणी एखाद-दुसरा अंश तापलं की बारीक चिलटांसारखे किडे पाण्यावर येतात आणि तेवढ्यापुरता तो खायला उठतो. म्हणजे गळ टाकायची वेळ साधारण अकरा ते तीन आणि जागा म्हणजे डोह. नेमक्या याच संथ डोहांच्या कडेला बर्फाची फळी धरते. वरून बघितलं तर काठच वाटतो, खाली मात्र पाणी असतं. मासा तुम्हाला बरोबर तिथेच घेऊन जातो.

मी मॅडिसनहून निघालो तेव्हा घरी एवढंच सांगितलं, ‘व्हायरोक्वाच्या बाजूला जातोय, संध्याकाळपर्यंत येतो.’ कुठला ओढा, गाडी कुठे लावणार, काही नाही. ही पहिली चूक. दुसरी चूक पायात होती. माझ्या बुटांना लोकरीच्या नमद्यासारखा तळ आहे. ओल्या दगडांवर तो छान पकडतो, पण बर्फात चाललं की त्याला बर्फ चिकटून गोळा होतो. खडावा घालून चालल्यासारखं होतं.

साडेतीन वाजले होते. ‘आता शेवटचा एक डोह’ असं म्हणत मी कडेला गेलो आणि पायाखालची फळी कट्कन मोडली. छातीएवढं पाणी. डोकं एकदा आत जाऊन वर आलं.

पुढे काय होतं ते समजून घेण्यासाठी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी एक सोपं सूत्र लोकांपर्यंत नेलंय: एक, दहा, एक. बर्फासारख्या गार पाण्यात पडल्यावर एक मिनिट श्वास ताब्यात यायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण एक तास शुद्ध हरपायला. आकडे ढोबळ आहेत, पण क्रम महत्त्वाचा.

पहिल्या मिनिटात कातडीला गारठा बसताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. तो श्वास पाण्याखाली असताना आला तर तिथेच खेळ संपला. म्हणून त्या मिनिटात हातपाय न झाडता फक्त तोंड वर ठेवायचं. मी काठी सोडली आणि फांदी धरून नुसता धापा टाकत राहिलो. हे शहाणपण नव्हतं, दुसरं काही सुचलंच नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकूया. लोक म्हणतात, वेडर्समध्ये, म्हणजे छातीपर्यंतच्या त्या रबरी विजारीत, पाणी भरलं की माणूस बुडतो. पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही, त्यामुळे ते तुम्हाला खाली खेचत नाही. वजन कळतं बाहेर चढताना. मी पोटावर सरपटत, सीलसारखा, बाहेर आलो. पाण्यात तीन-चार मिनिटंच होतो. वाटलं, सुटलो.

खरी गंमत पुढे होती. हवा उणे नऊ, कपडे चिंब, वारा सुरू, गाडी वीस मिनिटांवर. शरीर अशा वेळी हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी हातापायांचं रक्त आखडून घेतं. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तो भाग गारठला की बोटं तुमची राहत नाहीत. फोन काढला तर पडदा बोट ओळखेना. ओळखलं असतं तरी त्या दरीत रेंज नव्हती.

वाटेत शेताच्या कुंपणावरची शिडी लागली. तिथे वाटलं, जरा बसावं, घाई काय आहे? मंडळी, हा विचार सगळ्यात धोक्याचा. शरीराच्या आतलं तापमान सदतीसवरून पस्तीसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात. त्यात माणूस अडखळतो, बरळतो, चिडतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. सोबत कोणी असेल तर तो ओळखतो. एकट्याला कोण सांगणार? कुडकुडणं थांबलं आणि अंगाला ऊब मिळालेली नसली, तर बरं वाटतंय असं समजू नका. प्रकरण बिघडलंय.

मी बसलो नाही, कारण सूर्य डोंगराआड जाताना दिसला. गाडीपाशी पोहोचलो. किल्ली वेडर्सच्या आतल्या खिशात, चेन लावून. गाडी समोर आणि मला चेन उघडेना! शेवटी दातांनी चेन ओढली, दोन्ही तळहातांत किल्ली धरून बटण दाबलं. गाडी बटणावर सुरू होणारी होती म्हणून निभावलं. पट्ट्याची बकलं सुटायला हीटरसमोर पंधरा मिनिटं गेली. मग कोरडे कपडे, थर्मासमधला गोड चहा. हातपाय चोळायचे नाहीत आणि दारू अजिबात नाही. दारूने कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. तासभर तिथेच बसलो, मग गाडी चालवली.

घरी सगळं सांगितल्यावर बायको शांतपणे म्हणाली, ‘मी आठपर्यंत तर काळजीच केली नसती. आणि नंतर शोधायचं कुठे?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण मरणाची भीती धरतो, पण आधी जातात ती बोटं. म्हणून ज्या ज्या कामाला बोटं लागतात ती पाण्यात उतरण्याआधीच सोपी करून ठेवायची. किल्ली ओढता येईल अशा दोरीला. चेनला मोठा फासा. कोरडे कपडे जलरोधक पिशवीत पाठीवर, गाडीत नाही. गळ्यात शिट्टी. बुटाला खिळ्यांचा रबरी तळ. आणि घरी कागदावर तीन गोष्टी: ओढ्याचं नाव, गाडीची जागा, किती वाजता फोन आला नाही तर मदत मागवायची. हिवाळ्यात हिमालयात ओढे ओलांडणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींनाही यातलं बरंच लागू पडतं.

मी परत जाणार का? जाणार. पण त्या ‘शेवटच्या एका डोहा’आधी घड्याळ बघणार, आणि शक्यतो कोणालातरी सोबत नेणार. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल तर कळवा, चहा माझ्याकडून. भेटूया पुढच्या भागात.