पोथी, धाड आणि लिपी

मराठी साक्षरतेचा इतिहास आपण बहुधा पंतोजींच्या छडीपासून, नाहीतर इंग्रजी अमदानीतल्या शाळांपासून सांगतो. त्याच्या पाच-सहा शतकं आधी रिद्धपूरला म्हाइंभट नावाचा संस्कृत पंडित महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी मराठी गद्यात उतरवत होता; तोच ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठायचं, विचारायचं आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून खात्री करून घ्यायची, अशी त्याची रीत. पंथातल्याच केसोबासांसारख्या विद्वानाला संस्कृतात लिहायची ओढ होती. नागदेवांनी त्यांना अडवलं. पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, एवढंच त्यांचं कारण. धर्मग्रंथाची भाषा म्हाताऱ्यांकडे पाहून ठरवली जावी, हे तेराव्या शतकात सोपं नव्हतं. आजही नाही.

मग धाड आली. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजीच्या फौजा देवगिरीच्या मुलखात घुसल्या आणि त्या गोंधळात ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गेली, असं पंथाची परंपरा सांगते. गेलेला ग्रंथ अनुयायांनी स्मरणातून पुन्हा उभा केला. त्यात हिराइसेचा पाठ नावाजला गेला. ज्यांच्यासाठी मराठी राखली, त्या बायकांतल्याच एकीच्या आठवणीनं ग्रंथ तारला! आज पाठभेदांवरून अभ्यासक डोकं धरतात, ते या पळापळीचंच फळ.

पुढचं पाऊल मात्र उलट्या दिशेनं पडलं. पोथ्या बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून पंथात अक्षरांची अदलाबदल करून सकळ लिपी घडली. तिच्या जोडीला सुंदरी आणि आणखी कितीतरी सांकेतिक लिप्या आल्या. कारण परक्यांचं भय की ग्रंथाच्या पावित्र्याची काळजी, यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते भयानं सुरुवात झाली आणि सवयीनं ती टिकली. लिपीनं पोथ्या वाचवल्या, हे खरं. पंजाबात ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांनी मराठी पोथ्या धर्मग्रंथ म्हणून जपल्या. घरात पंजाबी बोलणारा माणूस श्रद्धेपोटी मराठी वाचायला शिकला. पण इकडे महाराष्ट्रात शेजाऱ्यालाच ती पोथी परकी झाली. न वाचलेल्या ग्रंथांबद्दल वाटेल ते बोललं गेलं आणि पंथाला खुलासा करायलाही जागा उरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा मराठी वाङ्मयाला स्वतःचंच एक दालन सापडलं.

महानुभावांनी पोथ्यांना कुलूप आतून लावलं; पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात ते बाहेरून लागलं. देवळं पडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं हिरावली गेली. जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सनं त्यांना ओवीतच नवं पुराण दिलं. १६१६ साली रायतूरला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी होतं, अक्षरं मात्र रोमन. माणसांचा धर्म बदलला, कान बदलले नव्हते, हे त्यानं ओळखलं. पण १६८४ च्या फर्मानानं स्थानिकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज धरावी असं ठरवलं. एका हातानं धर्मानं वाचायला दिलं, दुसऱ्या हातानं धर्माचा आधार घेतलेल्या सत्तेनं काढून घेतलं.

धर्म आणि अक्षर यांच्या नात्याचं विसाव्या शतकातलं उदाहरण सर्वांच्या परिचयाचं, म्हणून थोडक्यात. बाबासाहेब आंबेडकरांनी शाळा-कॉलेजं आधी काढली, धर्मांतर नंतर केलं: पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, औरंगाबादचं कॉलेज १९५० चं, नागपूरची बौद्ध धम्मदीक्षा १९५६ ची. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. २००१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता ६४.८ टक्के, अनुसूचित जातींची ५४.७ आणि बौद्धांची ७२.७ होती. बौद्ध बहुसंख्येनं महाराष्ट्रात राहतात, हे यात धरायला हवं. तरी नव्या ओळखीबरोबर पोरांना शाळेत धाडण्याची जिद्द आली, हे वस्त्यांमधली बुद्धविहारं आणि तिथल्या अभ्यासिका पाहणाऱ्याला पटवून द्यावं लागत नाही.

संकटात श्रद्धा माणसाच्या हाती अक्षर देते, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न त्या अक्षराची किल्ली कुणाकडे राहते, हा. रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथं सकळ लिपी केवळ संशोधकांना नव्हे, तर आसपासच्या गावांतल्या कुणालाही शिकवावी. नागदेवांच्या म्हाताऱ्यांच्या लेकी-नातींचा त्या पोथ्यांवर पहिला हक्क आहे.