सार्थातील शेवटचा माणूस

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात वसलेले फर्दापूर हे बहुतेकांना वाहन बदलण्याचे ठिकाण म्हणूनच ठाऊक असते. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर यांना जोडणारा महामार्ग येथून जातो. टी पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात आणि पर्यटक बसमध्ये बसून पुढचे सुमारे चार किलोमीटर अंतर कापत वाघूर नदीच्या काठावरील लेण्यांकडे जातात. गावातील जुनी सराई मात्र वेगळ्याच काळाची आठवण देते. त्या काळी प्रवास एकट्याने होत नसे. वाटेत सोबत मिळाली तरच मनुष्य निर्धास्तपणे पुढचा मुक्काम गाठत असे.

त्याहूनही मागे गेल्यास व्यापाऱ्यांचे तांडे दिसतात. संस्कृतात अशा तांड्याला 'सार्थ' आणि त्याच्या प्रमुखाला 'सार्थवाह' म्हणत. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यातील ब्राह्मी लेखात एका वणिकाच्या दानाची नोंद आहे. व्यापारी या वाटेने येत, थांबत आणि दानही देत, याची ती साक्ष. सार्थात श्रीमंत असत, कष्टकरी असत, यात्रेकरू आणि साधूही असत. एकाच जातीचे, एकाच गावचे किंवा एकाच धंद्याचे लोक हवेत, अशी अट नव्हती. वाट एक असणे एवढे पुरे होते.

आजच्या व्यापारी कुटुंबाकडे पाहिले तर माणसांची वाण कुठेच दिसत नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत शेकडो माणसे भेटतात. परंतु त्यांतील प्रत्येकाचे काही ना काही नाते वहीशी जोडलेले असते. कोणी गिऱ्हाईक, कोणी अडत्या, कोणी उधारीचा, तर कोणी समोरच्या दुकानातील प्रतिस्पर्धी. उरलेली माणसे नात्यागोत्यातील किंवा समाजातील. या दोन्ही वर्तुळांच्या बाहेरचा, ज्याच्याकडून काही येणे नाही आणि ज्याला काही देणे नाही असा मित्र पन्नाशीच्या उंबरठ्यावरील किती व्यापाऱ्यांना आहे? शाळेतले सवंगडी पांगलेले असतात आणि नवे मित्र जोडण्याचे वय सरले, असे मनाने घेतलेले असते. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर ही पोकळी अधिक जाणवते. ज्यांची मैत्री आपण गृहीत धरली होती, त्यांतील काहींचे नाते दुकानाशी होते, हे तेव्हा उमगते.

ही पोकळी भरण्याचा एक साधा मार्ग अलीकडे गावोगावी रुळू लागला आहे. तो म्हणजे पहाटे इतरांबरोबर धावणे.

सामान्य माणसाने आरोग्यासाठी समूहाने धावण्याच्या प्रथेची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने मध्यमवयीन आणि वृद्ध नागरिकांना हळूहळू धावण्याची गोडी लावली होती. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील नामवंत धावपटूंचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले. वय ५१. एका सकाळी ते या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि पहिल्याच चढावर त्यांना धाप लागली. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ ते पाहून मागे आले आणि त्यांच्या सोबतीने, गप्पा मारत, शेवटपर्यंत धावले. बॉवरमन मायदेशी परतले ते हा धडा घेऊनच. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या गावी सामान्य नागरिकांसाठी असेच वर्ग सुरू केले आणि पुढे त्या विषयावर पुस्तकही लिहिले. विजेते घडवणाऱ्या माणसाला नवी दिशा मिळाली ती एका वृद्धाने आपला वेग कमी केल्यामुळे.

लिडियार्ड यांच्या पद्धतीचे मर्मही तेथेच आहे. ज्या वेगात शेजाऱ्याशी बोलता येते, तोच नवशिक्याचा योग्य वेग. धाप लागून शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला, असे समजावे. शरीरासाठी सांगितलेला हा नियम मैत्रीलाही तितकाच लागू पडतो.

लंडनजवळील बुशी पार्क या उद्यानात २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्युइट यांनी १३ धावपटूंना जमवून पाच किलोमीटरची धाव घेतली. दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हते. तरीही धावणाऱ्या मित्रांचा सहवास सुटू नये, ही त्यामागील ओढ होती. 'पार्करन' या नावाने तो उपक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला. शुल्क नाही, बक्षीस नाही आणि सारी व्यवस्था स्वयंसेवकांची. त्यातील एक रीत विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एक स्वयंसेवक सर्वांच्या मागे चालतो आणि सर्वांत शेवटी पोहोचतो. त्यामुळे आलेल्या पाहुण्यांपैकी कोणावरही शेवटचा ठरण्याची वेळ येत नाही.

महाराष्ट्रातही ही वाट आता मळलेली आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने दर जानेवारीत हजारो नागरिकांना रस्त्यावर आणले. ४२.१९५ किलोमीटरचे अंतर ठरावीक वेळेत पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी तेथे वेळेचा फलक घेतलेले 'पेसर' असतात. त्यांच्याभोवती अनोळखी माणसांचा घोळका जमतो आणि पुढचे काही तास एकमेकांना धीर देत तो घोळका पुढे सरकत राहतो. साताऱ्यात २०१२ पासून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. घाट कोणाचाही हुद्दा विचारत नाही. तेथे प्राध्यापक आणि वाहनचालक यांचा श्वास सारखाच फुलतो. फर्दापूरहून साठेक किलोमीटरवरील जळगावात 'जळगाव रनर्स ग्रुप' ही मंडळी 'खान्देश रन' भरवतात. जैन समाजातही 'जितो'च्या महिला विभागाने 'अहिंसा रन' हा उपक्रम सुरू केला आहे.

परंतु मोठ्या शर्यती या वर्षातून एकदा येणाऱ्या यात्रेसारख्या आहेत. मैत्री जुळते ती रोजच्या वाटेवर.

ती का जुळते, याची कारणे साधी आहेत. समोरासमोर बसून बोलताना माणूस सावध असतो. खांद्याला खांदा लावून जाताना नजर रस्त्यावर असते आणि मन मोकळे होते. मुलाच्या लग्नाची चिंता, भागीदाराशी झालेला बेबनाव, डॉक्टरांनी सांगितलेली नको ती बातमी हे सारे तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला सहज बोलले जाते. शिवाय एकत्रित श्रमांचा शरीरावरही परिणाम होतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातील वल्हेकरांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले की, तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यापेक्षा सर्वांनी मिळून केल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढते. एकत्र नांगरणारे, एकत्र दिंडीत चालणारे आणि आचार्यांच्या विहारात पायी सोबत करणारे लोक हे अनुभवाने जाणतातच.

या वाटेवर व्यापारी मनाने जपायच्या काही गोष्टी आहेत. पहिली म्हणजे धंदा घरी ठेवावा. पहाटेच्या सोबत्याला दुसऱ्याच आठवड्यात विम्याची पॉलिसी किंवा प्लॉटचा नकाशा दाखवला, तर तो पुन्हा वहीच्या पानावर जाऊन बसतो. ओळखीतून पुढे व्यवहार घडला तर हरकत नाही. व्यवहारासाठी ओळख काढणे मात्र चटकन लक्षात येते. दुसरी गोष्ट सोबतीच्या निवडीची. केवळ आपल्याच समाजाचा गट केला तर स्नेहसंमेलनाचीच आणखी एक आवृत्ती निघेल. बँकेतील लिपिक, शाळेतील शिक्षिका, कापूस घेऊन येणारा शेतकरी, पोलिस भरतीची तयारी करणारा तरुण असे निरनिराळे सोबती असावेत. प्रत्येकाला सत्याची एक बाजू दिसते, हा अनेकांताचा विचार प्रवचनात ऐकणे वेगळे. कापसाच्या भावाची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या तोंडून, धावताना ऐकणे वेगळे.

तिसरी गोष्ट व्रतनियमांची. नवकारशी पाळणाऱ्यांना सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणीही वर्ज्य असते. अशांनी अंतर माफक ठेवावे, उन्हाळ्यात गती आणखी कमी करावी आणि उपवासाच्या दिवशी धावण्याऐवजी चालावे. सोबत्यांना हा नियम सांगण्यात संकोच नसावा. दुसऱ्याचा नियम समजून घेणे हेही मैत्रीचेच अंग आहे. चाळिशीनंतर प्रथमच धावू पाहणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातील सुनांना आणि लेकींनाही ही सकाळ मिळावी, यासाठी चहा-नाश्त्याचा भार एक दिवस पुरुषांनी उचलला तर त्यात काहीच कमीपणा नाही.

फर्दापूरसारख्या गावात यासाठी क्लब लागत नाही आणि मैदानही लागत नाही. महामार्गावरील ट्रकची वर्दळ टाळून एखादा शांत रस्ता निवडावा, उजाडल्यावर निघावे आणि आठवड्यातील एक वार ठरवून तो मोडू नये. पर्यटकांना खनिज दगड विकणारा, हॉटेलचा मालक, किराणा दुकानदार आणि शाळेचा शिक्षक हे चौघे एका सकाळी एकत्र निघाले, तरी सार्थ तयार झाला. पहिल्या दिवशी एक किलोमीटर धावून दोन किलोमीटर चालले तरी चालेल. मात्र सर्वांत मागच्याला सोबत कोण करणार, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे.

आचार्य हेमचंद्रांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा एका व्यापाऱ्यापासूनच सुरू होते. वसंतपुरास निघताना धन सार्थवाहाने दवंडी पिटवली की, ज्याला यायचे असेल त्याने यावे. वाहन नसेल त्याला वाहन आणि शिधा नसेल त्याला शिधा मिळेल. आचार्य धर्मघोष आपल्या शिष्यांसह त्या सार्थात सामील झाले. वाटेत पावसाळा लागला, सार्थ अरण्यात अडकला आणि अन्न संपत आले. मग एका रात्री धनाला आठवले की, आपण ज्यांना सोबत घेतले त्या साधूंची एकदाही विचारपूस केली नाही. तो शरमला, सकाळी त्यांच्याकडे गेला, क्षमा मागितली आणि तूप वहोरावले. त्याच्या आत्मकल्याणाचा आरंभ तेथे झाला, असे कथा सांगते.

सर्वांना सोबत घेण्याची दवंडी त्याने पहिल्याच दिवशी पिटवली होती. तो बदलला मात्र मागे वळून पाहिले तेव्हा.