पहाडी आवाजाचा नट : शाहीर अमर शेख

नांदेड-लातूरच्या कॉलेजांतली मुलं आज मोबाइलवर रॅप ऐकतात, वहीत यमकं जुळवतात, मित्रांच्या घोळक्यात म्हणून दाखवतात. गाता गाता एखाद्या दिवशी पडद्यावर झळकावं, हेही स्वप्न असतंच. त्यांचा आदर्श बहुधा मुंबईचा नाहीतर थेट अमेरिकेचा असतो. लातूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या बार्शीचा एक माणूस हीच वाट पाऊणशे वर्षांपूर्वी चालून गेला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

‘बार्शी तिथं सरशी’ म्हणतात. त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि लातूर निजामाच्या. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली आणि सरहद्दीच्या अलीकडचं-पलीकडचं अशी ही दोन गावं बाजारानं बांधली गेली. याच बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल जन्मले. गाण्याचा वारसा आई मुनेरबीकडून आला. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरची कामं केली, गिरणीत घाम गाळला. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरल्यावर तुरुंग घडला. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि कष्टकऱ्यांच्या राजकारणाची दिशा पक्की झाली. पुढं कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काही काळ काम केलं. ‘अमर शेख’ हे नाव तिथल्या मित्रमंडळींनी दिलेलं.

स्टुडिओ असा लवकरच पाहून झाला, पण त्यांच्यातला नट घडला तो कलापथकात. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंची लेखणी, गवाणकरांची साथ आणि शेखांचा पहाडी आवाज असा तो मेळ होता. तमाशातल्या गणात गणपतीला वंदन असतं. अण्णा भाऊंनी आपल्या लोकनाट्यात तिथं मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. सावकार, मालक, पुढारी सोंगं घेऊन समोर येऊ लागले आणि मैदानातल्या गिरणी कामगाराला आपलंच जिणं दिसू लागलं.

शाहिराचं काम जवळून पाहिलं की त्यातला अभिनय कळतो. डफावर थाप पडते, तुणतुणं लागतं, मागं झीलकरी सूर धरून उभे राहतात. शाहीर एक हात कानाशी नेतो, दुसरा लांब फेकतो आणि पोवाड्याच्या एका चौकात तीन माणसं होतो. निवेदन करताना तो शाहीर असतो, पाऊल पुढं टाकलं की सेनापती, मान खाली घातली की रडणारी आई. पोशाख बदलायला सवड नसते, पडदा नसतो. जे काही बदलायचं ते आवाजात आणि डोळ्यांत. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत हे पोचवायचं, तर छातीत तेवढा दम लागतो. अमर शेखांच्या अंगात तो होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही लावणी गावोगाव पोचवली. आचार्य अत्र्यांनी त्यांना रशियन क्रांतिकवीच्या नावानं महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. शेख स्वतःही कवी होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह.

अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटात ते दिसले. पण त्यांच्यातला नट खऱ्या अर्थानं उमगतो तो ‘प्रपंच’मध्ये (१९६१). गदिमांच्या कथेवरच्या या चित्रपटात ते कुंभार आहेत, सुलोचनाबाई त्यांची घरधनीण. पोरवडा मोठा, कर्ज वाढलेलं. मैदानं गाजवणारा हा माणूस इथं हताश बापाचं ओझं खांद्यांवर वागवतो. ‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ हे चित्रपटातलं अजरामर गाणं मात्र सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. ज्याचा गळा ही त्याची ओळख, त्याला गळा बाजूला ठेवूनही उभं राहता आलं. हीच नटाची खरी परीक्षा.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहराचा रॅपर आंद्रे बेंजामिन याची कहाणीही अशीच. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पुरस्कार सोहळ्यात त्याच्या ‘आउटकास्ट’ जोडीची हुर्यो उडवली गेली, तेव्हा दक्षिणेलाही काही सांगायचं आहे, असं त्यानं मंचावरून ठणकावलं. पुढं तो अभिनयाकडं वळला आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची भूमिका त्यानं पडद्यावर केली. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्याला हे ठणकावणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडं ही परंपरा अमर शेखांपाशी थांबली नाही. ‘जांभूळ आख्यान’ गाजवणारे शाहीर विठ्ठल उमप ‘टिंग्या’ चित्रपटात दिसले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला, गाणी संभाजी भगत यांची होती. तरीही शाहिराला मराठी सिनेमानं बहुतेक वेळा गाण्यापुरतंच बोलावलं. अमर शेखांसारख्या ताकदीच्या माणसाच्या वाट्याला मोजक्याच भूमिका आल्या. हे मराठी पडद्याचं नुकसान आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघं बावन्न. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. मराठवाड्यात काय आहे? माळेगावच्या जत्रेत वाघ्या-मुरळी येतात, गावोगाव गोंधळी आहेत, आंबेडकरी जलशांतले गायक आहेत. त्यांतले बरेच आता थकले आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं या कलावंतांचं ध्वनिचित्रमुद्रण हाती घ्यावं. आणि रॅप लिहिणाऱ्या मुलांनो, या दिवाळीच्या सुटीत ‘प्रपंच’ पाहा, गावातल्या म्हाताऱ्या शाहिराकडं जाऊन बसा आणि तो गात असताना तुमचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावा.