उलाळ आणि वेग : शिडाच्या होडीचे रस्त्यावरील वहन

वैजापूरच्या परिसरातील जाणता गाडीवान बैल जुंपण्यापूर्वी गाडीतील भार पुढेमागे सारून पाहतो. भार मागे झुकला की जू वर उचलले जाते व गाडी ‘उलाळ’ होते. तो फार पुढे आला तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. मोटारीमागे दोन चाकांच्या ट्रेलरवरून शिडाची लहान होडी नेताना प्रथम हाच विचार करावा लागतो. मात्र गाडीवानाच्या अनुभवात न येणारी एक गोष्ट येथे भर घालते. ती म्हणजे वेग.

ट्रेलरला बाजूने धक्का बसला म्हणजे तो जोडाभोवती डावी-उजवीकडे झुलतो. चाकांचे घर्षण हे दोलन शमविते. परंतु वेग वाढत जातो तसतशी ही शमनशक्ती घटते. एका विशिष्ट वेगापलीकडे दोलन शमण्याऐवजी वाढत जाते व शेवटी मोटारीसही रस्त्याबाहेर खेचते. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी ही मर्यादा खाली येते. म्हणूनच बैलगाडीच्या गतीला केवळ गैरसोयीची ठरणारी उलाळ महामार्गावर प्राणघातक होऊ शकते. डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा वैजापूर तालुक्यातूनच जातो. दोन्ही वेगांतील अंतर तेथे सहज ध्यानात येते.

एक उदाहरण घेऊ. होडीसह ट्रेलरचे वजन ३०० किलोग्रॅम, आसापासून जोडापर्यंतचे अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्य आसाच्या पुढे ३० सेंटिमीटर आहे असे मानू. जोडावरील भार ३०० × ०.३ ÷ ३, म्हणजे ३० किलोग्रॅम, अर्थात एकूण वजनाच्या दहा टक्के येतो. आता आसामागे २ मीटरवर २५ किलोग्रॅमचे यंत्र टांगले, तर जोडावरील भार १३.३ किलोग्रॅमवर, सुमारे चार टक्क्यांवर उतरतो. अमेरिकेत सामान्यतः दहा ते पंधरा टक्के भार योग्य मानतात. युरोपात त्याहून कमी. होडीत साचलेले पावसाचे पाणीही असाच घोटाळा करते : चार चौरस मीटर तळावर केवळ एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ४० किलोग्रॅम, आणि तेही स्थिर न राहणारे.

यावरून व्यवहाराचे नियम निघतात. यंत्र, सुकाणू व इतर जड सामान मोटारीत ठेवावे. होडी पुढे सरकवून जोडावरील भार काट्यावर मोजावा. होडीचा पुढचा व मागचा भाग ट्रेलरला स्वतंत्र पट्ट्यांनी बांधावा. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे जोड निखळला तरी दांडी रस्त्यावर आदळणार नाही. डोलकाठी आडवी करून बांधावी व विजेच्या तारांखाली ती कधीही उभारू नये. झोल सुरू झाल्यास सुकाणूचक्राशी झगडू नये व जोराने ब्रेकही दाबू नये. वेगवर्धकावरून पाय काढून गती आपोआप घटू द्यावी.

पाण्याशी पोहोचल्यावर आणखी एक दक्षता आवश्यक असते. तापलेली चाके एकाएकी पाण्यात बुडविल्यास त्यांच्या मध्यातील हवा आकुंचन पावते व पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. त्या गंजाचा परिणाम पुढील एखाद्या प्रवासात, भर रस्त्यात दिसून येतो. म्हणून चाके निवेपर्यंत थांबावे.

सारांश, भाराची पारख गाडीवानाकडून शिकता येते. वेगाचा हिशेब मात्र आपला आपणच मांडला पाहिजे.