जी नोट जपणं कुणाला परवडलं नाही

जानेवारी २०१४. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात १८९० सालची हजार डॉलरची एक नोट लिलावात निघाली. घेणाऱ्याने एकूण ३२ लाख ९० हजार डॉलर मोजले. तेव्हाच्या दराने सुमारे २० कोटी रुपये, म्हणजे छापील किमतीच्या ३,२९० पट! नोटेवर जनरल जॉर्ज मीड यांचं चित्र आहे. मागच्या बाजूची मोठाली शून्यं पट्ट्यापट्ट्यांच्या कलिंगडांसारखी दिसतात, म्हणून संग्राहक तिला ‘ग्रँड वॉटरमेलन’ म्हणतात.

एवढी किंमत कशामुळे? वयामुळे म्हणावं, तर तिच्याहून म्हाताऱ्या नोटा किरकोळीत मिळतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांनी स्वतःचं चलन काढलं. १८६१ मध्ये त्यांच्या पहिल्या नोटा चक्क न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे होऊ घातलेल्या शत्रूच्याच शहरात छापल्या गेल्या. युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. त्यातल्या हजार डॉलरच्या नोटा निघाल्या अवघ्या ६०७. तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, त्याच सरकारने दहा डॉलरच्या जवळपास ९० लाख नोटा छापल्या. सरकार बुडालं, दोन्ही नोटांचं मोल शून्य झालं. आज मात्र पहिलीला हजारो डॉलर पडतात आणि दुसरीची वापरलेली प्रत काही डझन डॉलरांत घरी आणता येते.

तेव्हा पहिला प्रश्न ‘किती जुनी?’ हा नाही. ‘किती उरल्या?’ हा आहे.

आणि उरण्याचा हिशेब उलटा चालतो. आपल्याकडे १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. अमेरिकेत १८६१ पासून संघराज्य सरकारने काढलेली प्रत्येक नोट आजही छापील किमतीला चालते. त्यामुळे मोठी नोट घरात ठेवणं म्हणजे तेवढा पैसा अडकवून ठेवणं. १८९० मध्ये हजार डॉलर ही कारखान्यातल्या कामगाराची दोन वर्षांहून जास्त कमाई होती. ती कपाटात कोण ठेवणार? लोकांनी नोटा मोडल्या, बँकांनी त्या सरकारजमा केल्या, सरकारने नष्ट केल्या. वॉटरमेलन आज उरल्यात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बुडालेल्या दक्षिणेच्या नोटा मात्र कुणी परत घेणारच नव्हतं. म्हणून त्या माळ्यांवर, पेट्यांमध्ये गठ्ठ्यांनी राहिल्या.

दहा हजार डॉलरच्या नोटेचंच पाहा. २००९ च्या मोजणीत अशा फक्त ३३६ नोटा शिल्लक होत्या. डॉलरची नोट साधारण ०.११ मिलिमीटर जाड असते. म्हणजे जगातल्या सगळ्या दहा हजारी नोटा एकावर एक रचल्या, तर चवड चार सेंटिमीटरही भरत नाही. ती एका मुठीत मावते. आज चलनात असलेल्या एक डॉलरच्या नोटा १,४०० कोटींहून जास्त आहेत. त्यांची चवड आडवी केली तर दीड हजार किलोमीटरच्या वर जाईल, मुंबईहून थेट दिल्लीच्याही पुढे. आणि दहा हजारींपैकी शंभर नोटा लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोने वर्षानुवर्षं चौकटीत मांडून ठेवल्या होत्या. पाहुणे त्या दहा लाख डॉलरांशेजारी उभे राहून फोटो काढायचे. तो देखावा नसता, तर शंभरातल्या कितीतरी नोटा सरकारजमा होऊन गेल्या असत्या.

याहून मोठी नोट आहे ती १९३४ ची, एक लाख डॉलरची. छापल्या ४२,०००, दर्शनी किंमत ४२० कोटी डॉलर. पण ती फक्त फेडरल रिझर्व्ह बँकांच्या आपापसातल्या व्यवहारांसाठी होती. खासगी माणसाने ती बाळगणं बेकायदा असल्यामुळे सर्वांत मोठ्या नोटेला बाजारभावच नाही.

उरलेल्यांमध्ये मग प्रत निवडली जाते. तज्ज्ञ नोटेला ७० पैकी गुण देतात. ६० च्या पुढे कोरी करकरीत, हातोहात न फिरलेली. मधोमध एक घडी, टाचणीचं एक भोक, कोपऱ्यावरची चिकटपट्टी, आणि भाव कोसळतो. म्हणून आजोबांच्या पेटीत जुनी नोट सापडली तर कृपा करून तिला धुऊ नका, इस्त्री करू नका. स्वच्छ केलेली नोट जाणकाराला लगेच कळते, आणि गेलेला भाव परत येत नाही.

शेवटी पाहायचा तो क्रमांक. १९२८ च्या मालिकेपासून नोटा लहान झाल्या आणि त्यांवर आठ आकडी क्रमांक आले. आठ आकड्यांत ९,९९,९९,९९९ क्रमांक बसतात. त्यांपैकी उलटसुलट सारखेच वाचता येणारे ९,९९९, आणि आठही आकडे एकच असलेले फक्त नऊ. आपल्याकडे ७८६ ची नोट जपणाऱ्यांना ही ओढ समजावून सांगायला नको.

नोटेवर किती छापलंय हे कोणालाही वाचता येतं. तिची किंमत ठरते ती तिच्यासोबत छापलेल्या, खर्चून गेलेल्या, जाळून टाकलेल्या नोटांवर. ऑर्लँडोतले २० कोटी त्या नाहीशा झालेल्या कागदांचे होते. आणि त्या एका माणसाच्या कृतीचे, ज्याने कधीकाळी दोन वर्षांची कमाई हातात असताना ती मोडली नाही.